प्रवाशांना रेल्वेकडून नेमकं काय हवं असतं? आधी मिनिटांचा हिशोब

प्रश्न असा होता: एखाद्या मार्गावरची प्रवासी रेल्वेसेवा सुधारायची आहे आणि पैसा मर्यादित आहे, तर प्रवाशांना आधी काय हवं असतं? वेग, नवे डबे, वायफाय, स्वस्त तिकीट की जास्त गाड्या? आणि सर्वेक्षण केलं की दरवेळी वेगळंच उत्तर का येतं?

थेट उत्तर: आपण कधी पोहोचू याचा भरवसा, आणि एक गाडी हुकली तर पुढची लवकर मिळेल याची खात्री. बाकी सगळ्याचा नंबर त्यानंतर लागतो. बैठकीत हे सगळ्यांना पटतं, पण खर्चाची वेळ आली की पैसा कमाल वेगाकडे आणि नव्या डब्यांकडे वळतो, कारण त्या गोष्टी उद्घाटनाच्या दिवशी डोळ्यांना दिसतात. भरवसा तसा दिसत नाही, म्हणून तो मोजून दाखवावा लागतो. खाली तेच केलं आहे.

रेल्वे वेळ मोजते ती फलाटापासून फलाटापर्यंत. प्रवासी मोजतो दारापासून दारापर्यंत, आणि त्याची सगळी मिनिटं सारख्या वजनाची नसतात. वाहतूक नियोजनात वापरली जाणारी वजनं साधारण अशी आहेत: गाडीत बसून गेलेलं मिनिट म्हणजे एक. चालण्याचं मिनिट दीड ते दोन. फलाटावर वाट पाहण्याचं दीड ते अडीच. दाटीवाटीत उभं राहून काढलेलं दीड ते दोन. गाडी बदलावी लागली तर चालणं-थांबणं धरून झाल्यावरही वर पाच ते पंधरा मिनिटांचा भुर्दंड. आणि न सांगता झालेल्या उशिराचं प्रत्येक मिनिट दोन ते तीन मिनिटांइतकं जड. देशाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम मात्र फारसा हलत नाही.

आता एक साधा प्रवास घ्या. स्टेशनपर्यंत १० मिनिटं चालणं, ८ मिनिटं वाट पाहणं, ३५ मिनिटं पहिली गाडी, जोडगाडीसाठी ७ मिनिटं थांबणं, १२ मिनिटं दुसरी गाडी, शेवटी पुन्हा १० मिनिटं चालणं. घड्याळात ८२ मिनिटं झाली. जाणवणारी मिनिटं मोजू: चालणं दीडपट धरून ३०, वाट पाहणं दुप्पट धरून ३०, गाडीतली ४७, आणि गाडी बदलण्याचे वरचे १०. एकूण ११७. या मार्गावर रूळ आणि सिग्नल सुधारून पहिली गाडी ४ मिनिटांनी लवकर पोहोचवली, तर ११७ चे ११३ होतात. त्याऐवजी वेळापत्रक नीट जुळवून जोडगाडीची वाट ७ वरून ३ वर आणली, तर ११७ चे १०९ होतात. घड्याळात दोन्हीकडे चारच मिनिटं वाचली, पण दुसऱ्या वाटेने फायदा दुप्पट झाला. खर्चात तर तुलनाच नाही.

याचा अर्थ वेग बिनकामाचा आहे असा नाही. पण वेग कुठे वाढवायचा हे बहुतेक ठिकाणी चुकतं. सरळ, चांगल्या मार्गावर २० किलोमीटरच्या टप्प्यात ताशी १६० चा वेग २०० केला, तर साडेसात मिनिटांची सहा होतात. वाचलं दीड मिनिट. त्यासाठी सिग्नल, विद्युततारा, कुंपण, फाटकं सगळं बदलावं लागतं. उलट एखाद्या स्टेशनाच्या यार्डाच्या तोंडाशी अर्धा किलोमीटर ताशी २० ची मर्यादा असेल, तर ४०० मीटर लांबीच्या गाडीला प्रत्यक्षात ९०० मीटर त्या वेगाने जावं लागतं, कारण शेवटचा डबा मर्यादेतून बाहेर पडेपर्यंत चालकाला वेग वाढवता येत नाही. ते ९०० मीटर २० ने गेले तर २.७ मिनिटं, १०० ने गेले तर अर्ध्या मिनिटाच्या जरा वर. दोन मिनिटांहून जास्त वेळ तिथेच वाचतो, ब्रेक लावण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेगळा. अशा मर्यादेचं मूळ अनेकदा सांध्यांत असतं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागी. १९० मीटर त्रिज्येच्या सांध्यावरून वळताना ताशी ४० च्या वर जाता येत नाही. १,२०० मीटर त्रिज्येचा सांधा १०० ने घेता येतो. त्याला लांबी जास्त लागते, म्हणून यार्डाची मांडणी बदलावी लागते, आणि म्हणूनच हे काम वर्षानुवर्षं मागे पडतं. सुधारणेची यादी करताना मार्गावरच्या सर्वांत मंद दहा जागा आधी लिहून काढा. प्रत्येकीसमोर गाडीच्या लांबीसकट वाया जाणारी मिनिटं मांडा. कमाल वेगाची चर्चा त्यानंतर.

वारंवारतेचा हिशोब याहून सोपा आहे, पण त्यात एक फसवी जागा आहे. तासाला चार गाड्या म्हणजे पंधरा मिनिटांना एक, असं धरलं जातं. त्या गाड्या ५ आणि २५ मिनिटांच्या अंतराने आलटूनपालटून येत असतील तर? बरोबर पंधरा मिनिटांचं अंतर असेल तेव्हा वेळापत्रक न पाहता आलेल्या प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. ५-२५ असेल तर जवळपास ११. कारण सरळ आहे: दर ३० मिनिटांत येणाऱ्या लोकांपैकी सहात पाच जण त्या २५ मिनिटांच्या मोठ्या खिंडारात येतात आणि सरासरी साडेबारा मिनिटं थांबतात. पाचच मिनिटांनी मागून येणारी गाडी रिकामी धावते, आधीची गच्च भरते, गच्च गाडीला थांब्यांवर वेळ जास्त लागतो आणि अंतरं आणखी बिघडतात. चार गाड्यांचे डबे, कर्मचारी, वीज सगळा खर्च करून प्रवाशाला तासाला तीनहूनही कमी गाड्यांइतकाच फायदा मिळतो. म्हणून 'रोज किती गाड्या' हा आकडा एकटा सांगू नये. गाड्यांमधलं सर्वांत मोठं अंतर किती, आणि दिवसाची शेवटची गाडी किती वाजता, हे दोन आकडे त्याच्या शेजारी हवेतच. शेवटची गाडी लवकर सुटते तिथे संध्याकाळचा प्रवासी सकाळीच रस्ता धरतो. परत यायची सोय नसेल तर जायची गाडी कितीही चांगली असली तरी त्याच्या उपयोगाची नसते.

साधारण दहा-बारा मिनिटांना गाडी असेल तर लोक वेळापत्रक बघणं सोडून देतात. एवढ्या गाड्या परवडत नसतील तर दुसरा चांगला पर्याय म्हणजे दर तासाला त्याच मिनिटाला सुटणारी गाडी: ७:१२, ८:१२, ९:१२. लक्षात ठेवायचं ते फक्त 'बारा'. नेदरलँड्सने १९७० मध्ये हे देशभर केलं, स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये. स्विस लोकांनी पुढे जे केलं ते अभ्यासण्यासारखं आहे. मोठ्या जंक्शनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात आणि तास उलटल्यावर थोड्या वेळाने सुटतात, म्हणजे कोणत्याही गाडीतून कोणतीही गाडी पकडता येते. हे जमायला दोन जंक्शनांमधला धाव-वेळ एका तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या जरा आत असावा लागतो. तो जिथे जास्त होता तिथेच त्यांनी नवा रूळ टाकला. १९८७ च्या जनमतानंतर आखलेली ही योजना डिसेंबर २००४ मध्ये लागू झाली आणि झुरिक–बर्न अंतर ५६ मिनिटांवर आलं. त्याहून वेगवान गाडी करता आली असती, पण ४५ मिनिटांत पोहोचून जंक्शनवर पाव तास उभं राहण्याने प्रवाशाचं काही भलं होत नव्हतं. हवा तेवढाच वेग, असं त्यांचं धोरण होतं. आधी वेळापत्रक आखायचं, मग त्या वेळापत्रकाला लागतील तेवढेच रूळ, सांधे आणि गाड्या घ्यायच्या, हा क्रम पाळला की बराच पैसा वाचतो. बहुतेक ठिकाणी काम उलट होतं: आधी रूळ बांधतात आणि मग त्यावर वेळापत्रक बसवायला घेतात.

आता भरवशाकडे. इथे आकडे दोनदा तपासावे लागतात, कारण वक्तशीरपणाची व्याख्या ज्याची त्याची असते. जर्मनीत सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे वेळेवर, स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांपेक्षा कमी. ब्रिटनमध्ये २०१९ पासून प्रत्येक थांब्यावर एका मिनिटाच्या आतली नोंदही प्रसिद्ध होते. काही ठिकाणी फक्त शेवटच्या स्टेशनावर मोजतात. काही ठिकाणी रद्द झालेली गाडी हिशोबातच धरत नाहीत, म्हणजे फार उशिरा धावणारी गाडी रद्द केली की आकडा सुधारतो आणि प्रवासी फलाटावरच राहतो. शेवटच्या स्टेशनावर मोजण्याचा परिणाम वेळापत्रकात लगेच दिसतो. धाव-वेळेत साधारण तीन ते सात टक्के जादा वेळ ठेवण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण तो सगळा जादा वेळ शेवटच्या दोन स्टेशनांमध्ये कोंबला, तर गाडी वाटेत सगळीकडे सहा मिनिटं लेट असते आणि टर्मिनसला वेळेवर पोहोचते. मधल्या जंक्शनवर जोडगाडी गेलेली असते. जादा वेळ मार्गभर वाटून द्यायचा, मोठ्या जंक्शनाच्या आधी थोडा जास्त.

दुसरी चूक म्हणजे गाड्या मोजणं, माणसं न मोजणं. दहा गाड्यांपैकी नऊ वेळेवर, प्रत्येकीत शंभर माणसं. दहावी लेट, तिच्यात नऊशे. वक्तशीरपणा ९० टक्के, आणि निम्मे प्रवासी लेट. हे नेहमीचं चित्र आहे, कारण गर्दीच्या वेळच्या गाड्याच लेट होतात. 'आकडे चांगले आहेत तरी लोक तक्रार का करतात' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा इथे सापडतं. प्रवासी-संख्येने भारित वक्तशीरपणा काढा, म्हणजे गाड्यांऐवजी वेळेवर पोहोचलेली माणसं मोजा, त्यात हुकलेल्या जोडगाड्या आणि रद्द गाड्या धरा. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये असा आकडा काढतात.

उशीर नेमका कुठे जन्मतो? मोठे बिघाड बातमीत येतात, पण रोजचा उशीर थांब्यांवर सेकंदासेकंदाने साचतो. एक दार जवळून पाहू. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत असेल तर रुंद दारातून साधारण सेकंदाला एक माणूस जातो. दोन पायऱ्या असतील तर वेळ दुप्पट, सामान असेल तर आणखी. गाडीला १६ दारं आहेत, ८० माणसं उतरणार आणि ८० चढणार. सरासरी दाराला दहा, म्हणजे दहा सेकंद. दार उघडणं-बंद होणं धरून थांबा वीस सेकंदांत उरकायला हवा. प्रत्यक्षात जिन्यासमोरच्या दारावर ३५ माणसं असतात. गाडी त्या एका दारासाठी थांबते, बाकीची पंधरा दारं मोकळी असतात. वेळापत्रकातला ३० सेकंदांचा थांबा ५० सेकंदांचा होतो, आणि बारा थांब्यांत चार मिनिटं जातात. उपाय साधे आहेत: फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जिना, छप्पर फलाटाच्या पूर्ण लांबीवर (छप्पर अर्धंच असेल तर ऊन-पावसात सगळी माणसं त्याखाली गोळा होतात), डबा कुठे येणार याच्या खुणा, आणि सलग स्टेशनांवर जिने एकाच डब्यासमोर येत असतील तर काही ठिकाणी गाडी उभी करण्याची जागा पुढेमागे सरकवणं. दाराच्या आत उभं राहायला जागा नसेल तर रुंद दारही कामाचं नाही. दाराजवळची दोन आसनं काढली की थांबा कमी होतो. लोकांना ते सुरुवातीला आवडत नाही, म्हणून ज्या गाड्यांत प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा आहे तिथेच करावं.

ती चार मिनिटं पुढे कुठे जातात तेही बघा. गाडी टर्मिनसला पोहोचली आणि सहा मिनिटांत उलट दिशेने निघायची आहे. २०० मीटरच्या गाडीत चालकाला गर्दीतून या टोकापासून त्या टोकाला चालत जायला तीन मिनिटं, केबिन सुरू करून ब्रेक तपासायला दोन. उरलं एक मिनिट. चार मिनिटं उशिरा आलेली गाडी तीन मिनिटं लेटच सुटते आणि सकाळचा उशीर दुपारपर्यंत फिरत राहतो. दुसऱ्या टोकाला दुसरा चालक तयार ठेवला, तर ती तीन मिनिटं परत मिळतात आणि एक चालक वाढवल्याने अख्खा रेक (डब्यांचा पूर्ण संच) वाचू शकतो. टोकियो स्टेशनावर उत्तरेकडच्या शिंकानसेन गाड्या फलाटावर फक्त १२ मिनिटं असतात: दोन उतरायला, तीन चढायला आणि मधल्या सातांत संपूर्ण गाडीची सफाई, आसनं फिरवण्यासकट. १९६४ मध्ये सुरू झालेल्या टोकियो–ओसाका मार्गाची सरासरी उशिराची नोंद अलीकडच्या काळात गाडीमागे साधारण एका मिनिटाच्या आसपास राहिली आहे, आणि त्याचं कारण फक्त वेगवान गाडी नव्हे. तो मार्ग पूर्ण वेगळा आहे, त्यावर मालगाड्या आणि फाटकं नाहीत, आणि थांब्यावरच्या प्रत्येक सेकंदाची जबाबदारी कोणावर तरी आहे.

जलद आणि धीम्या गाड्या एकाच रुळावर धावतात अशा मिश्र मार्गावर हे जमत नाही, तिथे एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवावी. ६० किलोमीटरच्या टप्प्यात जलद गाडी २४ मिनिटं घेते, सगळीकडे थांबणारी ५०. सिग्नलमुळे दोन गाड्यांत किमान तीन मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. धीमी गाडी सुटल्यावर पुढची जलद गाडी तिच्या मागे किमान २९ मिनिटांनी सोडावी लागते, नाहीतर ती वाटेत सिग्नलला अडकते. आता धीम्या गाडीचा वेळ ४४ वर आणला तर हे अंतर २३ होतं, म्हणजे सहा मिनिटांची जागा मोकळी झाली. जलद गाडीचा वेग वाढवला असता तर दोघींमधला फरक वाढून जागा उलट कमी झाली असती. धीम्या गाडीचे ते वेळ कुठून काढायचे? वेग घेण्याच्या ताकदीतून. ताशी १०० पर्यंत जाताना सरासरी ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण असलेली इंजिनाने ओढलेली गाडी प्रत्येक थांब्यामागे सुमारे ३५ सेकंद घालवते. ०.८ ची मोटर-डब्यांची गाडी १७. पंधरा थांब्यांत चार मिनिटांहून जास्त वाचतात, एकही थांबा न गाळता. थांबे गाळून गाडी जलद करण्याआधी हे करून पाहावं. थांबा गाळला की त्या गावच्या माणसाची वारंवारता शून्य होते.

जोडगाडीबद्दल. हुकण्याची शक्यता दहात एक असेल आणि पुढची गाडी तासाने असेल, तर प्रत्येक प्रवाशाला सरासरी सहा मिनिटांचा फटका आहे. पुढची गाडी पाव तासाने असेल तर दीड मिनिटाचा. म्हणजे वारंवारता हाच उशिरावरचा विमा आहे. लेट आलेल्या गाडीसाठी दुसरी रोखून धरायची का, हे नियंत्रकाच्या स्वभावावर सोडू नये. तीस जणांना जोडगाडी हुकून तीस मिनिटं थांबावं लागणार असेल तर तोटा ९०० प्रवासी-मिनिटांचा. रोखून धरल्यास आतल्या ४०० जणांचा तीन मिनिटांनी तोटा, म्हणजे १,२००, शिवाय पुढच्या स्टेशनांवरचा. सोडून द्यावी. तेच तीस जण शेवटच्या गाडीचे असतील तर न विचारता रोखावी. हे नियम आधी लिहून ठेवले आणि प्रवाशांना सांगितले तर निम्मी भांडणं मिटतात.

माहिती हा स्वस्तातला सर्वांत मोठा फायदा आहे, आणि सर्वांत वाईट हाताळला जाणारा. गाडी अडकली की प्रवाशाला तीन गोष्टी हव्या असतात: काय झालं, किती वेळ, आणि आता मी काय करू. तिसरी बहुतेक घोषणांत नसतेच. 'तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे, असुविधेबद्दल खेद आहे' यातून कोणालाच निर्णय घेता येत नाही. 'पुढच्या स्टेशनाजवळ सिग्नल बंद आहे, दुरुस्ती पथक निघालं आहे, निदान ४० मिनिटं लागतील, तीन नंबरच्या फलाटावरची गाडी दुसऱ्या मार्गाने जाते, याच तिकिटावर चालेल' यातून घेता येतो. पहिली घोषणा गाडी थांबल्यापासून दोन-तीन मिनिटांत झाली पाहिजे, काही कळलं नसलं तरी 'कळलं नाही, दहा मिनिटांत पुन्हा सांगतो' असं म्हणावं, आणि दहा मिनिटांनी खरंच सांगावं. बिघाडाचा अंदाज दर पाच मिनिटांनी पाच मिनिटं पुढे ढकलणं हे एकदाच ४० मिनिटं सांगण्यापेक्षा वाईट: ४० ऐकलं असतं तर माणूस बस पकडून गेला असता. दुसरा दोष म्हणजे फलाटावरचा फलक, मोबाइलवरची माहिती आणि घोषणा तिन्हींत वेगवेगळी वेळ. तिन्ही एकाच स्रोतावरून चालल्या पाहिजेत. आणि फलाट ऐन वेळी बदलला तर गाडी दोन मिनिटं जास्त थांबेल असा नियम ठेवा. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया जिन्यावरून धावताना दिसतात, तेव्हा ती चूक त्यांची नसते.

इथे डच रेल्वेने मांडलेला गरजांचा पिरॅमिड उपयोगी पडतो. तळाशी सुरक्षितता आणि भरवसा, वर वेग, मग सोपेपणा, मग आराम, टोकाला अनुभव. तळ ढासळलेला असताना टोकावर खर्च केला तर प्रवाशाला तो दिसतही नाही. उलट लेट गाडीतला नवा पडदा बघून त्याचा राग वाढतो. सुरक्षितता तळाशी आहे हे विसरू नका. रात्री नऊनंतर फलाटावर उजेड आणि माणूस नसेल तर बायका ती गाडी सोडून देतात, आणि त्या कोणत्याही तक्रारवहीत दिसत नाहीत.

तरीही आरामातल्या एका गोष्टीला मी तळाच्या पायरीवर ठेवतो: चालू स्थितीतलं स्वच्छतागृह. ते बंद असण्याचं कारण बहुधा अस्वच्छता नसतं, भरलेली टाकी किंवा संपलेलं पाणी असतं. हिशोब करून पाहा. ५०० प्रवासी, पाच तासांचा प्रवास, माणशी दोनदा वापर धरला तर हजार वेळा. सहा स्वच्छतागृहं, म्हणजे प्रत्येकी सुमारे १६७. निर्वात पद्धतीत एका वापराला सगळं मिळून दीड लिटर धरलं तर २५० लिटर. ३०० लिटरची टाकी पुरते. आता दोन बंद पडली. उरलेल्या चारांवर प्रत्येकी २५० वापर, ३७५ लिटर. प्रवास संपायच्या आत चारही भरून बंद. म्हणजे सुटताना बंद असलेली दोन स्वच्छतागृहं 'चालेल' म्हणून सोडली की शेवटच्या तासात सगळी गाडी अडते. टाकी उपसण्याची सोय फक्त मुख्य डेपोत असेल आणि रेक दोन दिवस बाहेर फिरत असेल, तर कितीही सफाई कामगार नेमून उपयोग नाही. दुसऱ्या टोकाच्या स्टेशनावर उपसा-यंत्र बसवणं हाच उपाय.

वायफायबद्दल थोडक्यात. गाडीतलं वायफाय बहुतेक ठिकाणी बाहेरच्या मोबाइल टॉवरवरूनच येतं. मार्गावर सिग्नल नसेल तर डब्यात पेटी बसवून काही होत नाही. सिग्नल असूनही आत येत नसेल तर दोष काचेचा असतो: उष्णता अडवणारा धातूचा पातळ लेप रेडिओ लहरी शंभरपट ते हजारपट क्षीण करतो. काचेवर लेझरने बारीक जाळी कोरून लेप तोडला की मोबाइलचं नेटवर्क थेट आत येतं. त्याआधी प्रत्येक आसनाजवळ चार्जिंगचा सॉकेट द्यावा.

अपंगांसाठीची सोय ही काही मोजक्या लोकांची मागणी समजली जाते. युरोपीय नियमांत फलाट आणि डबा यांच्यात आडवं अंतर ७५ मिलिमीटरपर्यंत आणि उंचीतला फरक ५० मिलिमीटरपर्यंत असेल तरच त्याला समपातळी म्हणतात. व्हीलचेअरला ते लागतंच, पण बाबागाडी, जड पेटी, दुखरा गुडघा, सायकल या सगळ्यांना त्याचा फायदा मिळतो, आणि वर दाखवल्याप्रमाणे चढण्या-उतरण्याचा वेळही निम्मा होतो. त्यामुळे हा खर्च वक्तशीरपणाच्या खात्यात टाकावा. फलाटाची उंची एकाच मार्गावर ५५० आणि ७६० मिलिमीटर अशी मिसळ ठेवली तर कोणताही डबा सगळीकडे बसत नाही. आधी मार्गापुरती एक उंची ठरवा, मगच डबे मागवा. उद्वाहक (लिफ्ट) बसवला तर त्याच्या दुरुस्तीचा करारही तेव्हाच करा. बंद उद्वाहक म्हणजे त्या दिवसापुरतं ते स्टेशन काही लोकांसाठी नकाशावरून पुसलेलं असतं.

तिकिटाबाबत लोकांना स्वस्ताइतकंच सोपं हवं असतं. जर्मनीत २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महिन्याला नऊ युरोत देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत चालणारं तिकीट काढलं, त्याची सुमारे ५ कोटी २० लाख विक्री झाली. किंमत अर्थातच कारण होती, पण झोन, विभाग, कंपनी काही न बघता चढता येणं हेही होतं. त्याच उन्हाळ्यात प्रादेशिक गाड्या ओसंडून वाहिल्या, कारण डबे तेवढेच होते. दर कमी करायच्या आधी जागा मोजा.

उशिराची भरपाई हाही भरवशाचाच भाग. युरोपीय संघात ६० ते ११९ मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांपासून ५० टक्के परत मिळतात, काही अपवाद सोडून. स्पेनने माद्रिद–सेव्हिल मार्गावर १९९४ मध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर पूर्ण भाडं परत असं जाहीर केलं होतं. असं वचन द्यायचं तर आधी गाड्या तशा धावायला हव्यात. आणि पैसे अर्ज न करता आपोआप खात्यात आले पाहिजेत. सहा रकान्यांचा फॉर्म ठेवला तर भरपाईचा उद्देशच मरतो.

आता सर्वेक्षणाचं. 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं की प्रत्येकजण सगळ्यावर टिचकी मारतो. त्याऐवजी जोडीने निवड द्या: पाच मिनिटं जलद पण तासाला एक गाडी, की पाच मिनिटं धीमी पण अर्ध्या तासाला एक? बसायची खात्री पण दहा मिनिटं उशिराची गाडी, की उभ्याने आत्ताची? अशा आठ-दहा जोड्यांतून खरी वजनं निघतात. शिवाय एकूण समाधान आणि प्रत्येक बाबीचं समाधान वेगवेगळं विचारून त्यांचा संबंध तपासा. तोंडाने लोक स्वच्छता म्हणतात आणि एकूण गुण मात्र उशिराबरोबर घसरतात, असं वारंवार दिसतं. सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त गाडीतल्या लोकांना विचारणं. ज्यांनी गाडी सोडली ते बसथांब्यावर आणि वाहनतळावर आहेत; निदान एक तृतीयांश उत्तरं तिथून घ्या. ज्या दिवशी गाड्या कोलमडल्या त्या दिवशीही विचारा.

हातात एकच वर्ष आणि थोडा पैसा असेल तर क्रम असा लावावा. पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक थांब्यावरचा प्रत्यक्ष उभं राहण्याचा वेळ सेकंदात नोंदवा, दारावरच्या गर्दीसकट, आणि मंद जागांची यादी करा. त्यावरून वेळापत्रक पुन्हा आखा: समान अंतर, जादा वेळ वाटलेला, जोडगाड्या जुळलेल्या, शेवटची गाडी उशिरापर्यंत. त्याच काळात घोषणांचे मसुदे आणि जोडगाडी रोखण्याचे नियम लिहा. त्याला पैसा लागतच नाही. मग टर्मिनसवर जादा चालक, दुसरा जिना, टाकी-उपसा यंत्र आणि सर्वांत वाईट दोन सांधे. नवे डबे त्यानंतर मागवा, आणि मागवताना कमाल वेगाआधी दारांची संख्या, दारांची रुंदी आणि त्वरण लिहा.